कंसातली कविता

४ फेब्रुवारी

टण्ण्!

एकच टोला. मग तो आवाज बराच वेळ हवेत लोंबकळत राहायचा. आमच्या शाळेची घंटा ही घंटा नव्हतीच. अंगणातल्या झाडाला तारेने टांगलेला हातभर लोखंडाचा जाडजूड तुकडा होता तो. कुठून आला, कुणी आणला, कुणालाच ठाऊक नाही. शिपाई त्यावर हातोडी मारायचा आणि तिसरा तास सुरू व्हायचा. तिसरा तास कवितेचा. साठ वर्षं झाली. शाळेत आता विजेची घंटा आहे, ती घसा बसलेल्या माणसासारखी खाकरते. तरी आज पहाटे झोपेत मला तो जुना टोला स्पष्ट ऐकू आला. हिला सांगितलं तर म्हणाली, "कानात मळ झाला असेल. तेल घाला."

आणि योगायोग बघा, दहा वाजता शाळेतूनच बोलावणं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. पण त्यांच्या टेबलासमोर मी अजून हाताची घडी घालून उभा राहतो. गावात वारसा समिती निघाली आहे, अध्यक्ष त्याच. शहरातलं एक भटकं मंडळ पंधरा मार्चला बस करून आपलं गाव बघायला येणार आहे.

"आपलं?" मी विचारलं.

"शेजारच्या गावचा किल्ला दुरुस्तीसाठी बंद आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून आपलं. तुम्ही माहितीपत्रक लिहा आणि त्या दिवशी पाहुण्यांना फिरवा. टपाल कचेरीत छत्तीस वर्षं पत्रं निवडलीत, गावाचा दगड न् दगड तुम्हाला पाठ."

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. ही म्हणाली, "गावात बघण्यासारखं काही असतं तर आपण चाळीस वर्षं एकमेकांकडे बघत बसलो असतो का?"

या ऐतिहासिक कार्याची नोंद राहावी म्हणून आजपासून ही वही.

७ फेब्रुवारी

पायाला दोन फोड. मन मात्र फुलपाखरू.

पत्रकात आधी नगरभवनाचं घड्याळ घेतलं. त्याचा मिनिटकाटा माझ्या लहानपणीच गळून पडला, तासकाटा चालतो. गावाला तेवढं पुरतं. मग नदी नसलेला पूल. दोन सुरेख दगडी कमानी, खालून बकऱ्या वाहतात. नदी कुठे गेली? मला वाटतं, रुसून गेली असावी. पत्रकात तसंच लिहिलं आहे, 'रुसलेल्या नदीचा पूल.'

पुलाच्या पलीकडे आज एक शोध लागला. झुडपं बाजूला केली तर खडकात दोन लांबच लांब चर, शेजारीशेजारी, थेट डोंगराच्या जुन्या खाणीपर्यंत गेलेले. रथाच्या चाकोऱ्या! दोहोंमधलं अंतर काठीने वीस ठिकाणी मोजलं. सगळीकडे तंतोतंत सारखं. काय शिस्तीचे सारथी असतील! शिवाय तिथेच मातीत भाल्याचं टोक मिळालं. वीतभर लांब, गंजलेलं, एका बाजूला चौकोनी डोकं. भाल्याला डोकं कशाला हा प्रश्न पडला, पण प्राचीन लोकांचं त्यांना माहीत.

हिने त्याची खिडकीला पाचर लावली आहे.

१० फेब्रुवारी

बोटं अजून मातीने भरली आहेत. अक्षर वाईट आलं तर क्षमा.

रथाच्या चाकोऱ्या जिथे खाणीच्या रस्त्याला छेदून जातात, त्या वळणावर, घाणेरीच्या जाळीत, एक शिळा! कमरेएवढी. वरची माती पाण्याने धुतली, टूथब्रशने घासली (हिचा, नंतर कळलं) आणि एकेक अक्षर वर आलं. चार ओळी आहेत. पण शिळा उभी तुटली आहे, उजवी बाजू नाहीशी. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द तेवढा उरला आहे:

थांबा
पाहा
ऐका
मग

मी तिथेच मातीत बसलो. चार ओळी, चार आरंभ! कविताच ही, दुसरं काय असणार? कोण असेल तो कवी, ज्याने वाटसरूला आधी थांबायला सांगितलं, मग पाहायला, मग ऐकायला? सारं जीवन त्यात आलं. आणि शेवटी नुसतं 'मग'. त्या 'मग'पुढे सगळं अनंत मोकळं.

धापा टाकत घरी येऊन हिला ऐकवलं. ही कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "फाटकावर लिहितात तसं वाटतंय."

"कसल्या फाटकावर?"

"गाडीच्या. थांबा, बघा, असं काहीतरी असतं ना?"

या गावात आगगाडी कधी आलीच नाही. स्टेशन चौदा मैलांवर. पण हिला कवितेचं अंग नाही त्याला ती काय करणार?

१३ फेब्रुवारी

पत्रकात नुसते चार शब्द कसे द्यायचे? पाहुणे म्हणतील, एवढंच? वाचकाला साधारण कल्पना यावी म्हणून उरलेला भाग मी कंसात सुचवला आहे. पहिला शब्द शिळेचा, पुढचं कंसात. प्रामाणिक पद्धत आहे ही. विद्वान लोक असंच करतात.

खरं सांगायचं तर बसलो दाढी करायला आणि फेस वाळेपर्यंत चारही ओळी उतरल्या:

थांबा (पथिकांनो, क्षणभर या वळणाशी,)
पाहा (गगनाची शाल निळी आकाशी,)
ऐका (वाऱ्याचे गूज जुने कानाशी,)
मग (जा, पण ठेवा नाते या मातीशी.)

प्रत्येक ओळीत बावीस मात्रा. बोटांवर तीनदा मोजल्या.

हिला म्हणून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गगनाची शाल आकाशी? गगन आणि आकाश दोन वेगळी असतात का?"

"काव्यात असतात."

"मग बरोबर. शालीवर शाल. थंडी असेल."

आयुष्यात तेवीस मासिकांकडे कविता पाठवल्या. तेवीस वेळा 'साभार परत' अशी चिठ्ठी आली, आणि ते परतीचं टपाल निवडायला कचेरीत मीच बसलेलो असायचो. स्वतःचं पाकीट स्वतःच ओळखायचं, स्वतःच्याच खणात टाकायचं. त्यामुळे हिच्या टीकेने मी खचत नाही. सवय आहे.

मजकूर छापखान्यात देऊन आलो.

२१ फेब्रुवारी

घात झाला.

पत्रकं छापून आली. पाचशे. कागद गुळगुळीत, घड्याळाचा फोटो छान, रुसलेल्या नदीच्या पुलाखाली बकऱ्या आहेत त्याही छान. पान तीनवर शिळा, फोटो इतका काळपट की अक्षर दिसेना, आणि शिळेखाली मोठ्या टायपात कविता. चारही ओळी सलग. कंस नाहीत!

तसाच पत्रक घेऊन छापखान्यात गेलो. छापखानेवाला माझा शाळेतला बाकसोबती. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, "काढले कंस. ओळ मावत नव्हती."

"अरे, कंसातलं मूळ नव्हतं!"

"मग कुठलं होतं?"

"कंसातलं… सुचवलेलं होतं."

"कुणी?"

मी पत्रकाची घडी घातली.

"हे बघ," तो म्हणाला, "प्रत्येक ओळीत दोन दोन असे आठ कंस. पुराणातल्या मामाला मारायला एक अवतार लागला, मी एकट्याने आठ मारले. आभार मान. आणि काय रे, कविता झकास आहे. जुनी माणसं लिहायची ते लिहायचीच. आता कुणाला जमतंय असं?"

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. मी भांडायला गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

२३ फेब्रुवारी

आज बाईंना सांगायचंच, असं ठरवून शाळेत गेलो. दारातच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी.

"असा ठेवा आपल्या मातीत होता आणि आपल्याला पत्ताच नाही! 'ठेवा नाते या मातीशी.' रात्री चारदा वाचली मी. आजकाल लिहितात का कुणी असं?"

"बाई, ते कंस…"

"उद्यापासून प्रार्थनेनंतर सगळी शाळा ही म्हणणार. चालसुद्धा लावून झाली."

"पण बाई, ते…"

"तुम्ही नम्र आहात. शोध तुमचा आहे, श्रेय घ्या."

शोध माझा, हे खरंच. बाकीचंही माझंच, एवढंच सांगायचं राहिलं. परवा सांगेन.

२६ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

आज सकाळी भाजी आणायला म्हणून निघालो तो शाळेच्या कुंपणाशी उभा राहिलो. आणि ते आलं! दोनशे गळे, पातळ, जाड, बेसूर, सर्दी झालेले: 'ऐका वाऱ्याचे गूज जुने कानाशी.' 'गूज जुने'वर चाल वर चढते आणि 'कानाशी'ला धप्पकन खाली येते, झोपाळ्यासारखी.

माझी कविता. शाळेत. पाठ. साठ वर्षांपूर्वी तिसऱ्या तासाला मी ज्यांच्या कविता डोळे मिटून म्हणत असे, त्यांना तरी अशी दोनशे तोंडं एका वेळी मिळाली असतील का? कुंपणाच्या गजाला धरून मी ठेका धरला. पलीकडून शिपाई म्हणाला, "आजोबा, कुणाला न्यायला आलात?"

घरी गेलो तो पिशवी रिकामी. ही म्हणाली, "भाजी कुठाय?"

मी म्हटलं, "गगनाची शाल निळी आकाशी."

ही म्हणाली, "शाल शिजवू?"

१ मार्च

दुसरी ओळ मला जगू देत नाही. शाळेत ती रोज म्हटली जाते आणि रोज गगन आकाशाला शाल पांघरतं. आणि आज अंघोळीच्या वेळी, डोक्यावर तांब्या उलटा करताना, नेमका शब्द सापडला! 'दिवसाची'! 'पाहा दिवसाची शाल निळी आकाशी.' मात्रा तेवढ्याच, अर्थ निर्दोष. ओल्या पंच्यानिशी कागद शोधला.

पण बदलायचं कसं? कविता माझी असती तर बदलली असती. ती माझीच आहे, म्हणून तर बदलता येत नाही!

तरी शाळेत गेलोच. म्हटलं, "बाई, शिळा पुन्हा नीट पाहिली. दुसऱ्या ओळीत मला वाटतं 'दिवसाची' असावं."

बाई हसल्या. प्रेमाने, पण मुलांना हसतात तसं. "आजोबा, गगन आणि आकाश दोन्ही मुद्दाम आहेत. गगन म्हणजे दिसतं ते, आकाश म्हणजे असतं ते. मी नववीला हेच शिकवते आहे. उगाच जुन्या कवीला सुधारायला जाऊ नये. मोठी माणसं होती ती."

दारातून बाहेर पडताना मला स्वतःबद्दल फार आदर वाटला.

५ मार्च

शाळेच्या दर्शनी भिंतीवर कविता रंगवणार. अक्षरं हातभर. खाली नाव: 'अज्ञात कवी'.

ही पदवी मला पूर्वीपासून आहेच. भिंतीवर पहिल्यांदा येते आहे.

९ मार्च

आज सगळं कोसळलं.

हिचा भाऊ आला. आयुष्यभर जमिनी मोजल्या. निवृत्त झाला तरी आमच्या ओट्याची लांबी डोळ्याने मोजतो. त्याला पत्रक दिलं. तो हसत नाही सहसा, पण पान तीनवर त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"भाऊजी, ही रथाची चाकोरी खाणीपर्यंत जाते म्हणता?"

"थेट."

"दोन चरांत अंतर दोन फूट?"

"तंतोतंत. तुला कसं ठाऊक?"

त्याने पिशवीतून जुन्या मोजणी नकाशाची प्रत काढली आणि ताटाशेजारी पसरली. त्यावर पुलावरून खाणीकडे एक काळी रेघ, तिला आडव्या बारीक रेघा, गोधडीच्या टाक्यांसारख्या. "ही खडी वाहायच्या ट्रॉलीची लाइन. डोंगरातून दगड भरून माणसं ढकलत आणायची. तुमच्या जन्माआधी खाण बंद पडली, खडकात बसवलेले रूळ उपटून नेले, चर राहिले. पूल ट्रॉलीसाठी होता. नदी तिथे कधी नव्हतीच, रुसणार कशाला? आणि खिडकीला लावलीय ना ताईने, तो रुळाचा खिळा."

"शाळेत टांगलेला तो लोखंडी तुकडा…"

"रूळच. अजून काय?"

नकाशावर खाणीचा रस्ता त्या रेघेला छेदतो तिथे बारीक अक्षरांत शब्द होता, 'फाटक'. मेहुण्याने त्यावर बोट ठेवलं, वर पाहिलं आणि अगदी हळू, आजारी माणसाला सांगावं तसं म्हणाला, "थांबा. पाहा. ऐका. मग जा."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं!"

मला वाटलं होतं मी रडेन. पण मेहुण्याच्या मिशा हलत होत्या, ही पदराने डोळे पुसत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर शिस्तीचे सारथी खडीच्या ट्रॉल्या ढकलत डोंगर उतरत होते. आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

ती गेल्यावर मी म्हटलं, "दोनशे मुलांना मी पाटी पाठ करायला लावली."

"पाटी कुठे?" मेहुणा म्हणाला. "पाटीचे चार शब्द. बाकी कुणाचं?"

मी ताटाकडे पाहिलं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"अगंबाई," ही म्हणाली, "तुम्ही अजून सांगितलं नाहीत होय कुणाला?"

१२ मार्च

मेहुणा म्हणतो, तो कुणाला बोलणार नाही. नकाशा त्याने गुंडाळून ठेवला. म्हणजे गप्प बसलो तर काहीच होणार नाही. भिंत रंगवून झाली आहे. काल संध्याकाळी उन्हात अक्षरं ओली चमकत होती. मी मेल्यावरही मुलं ती म्हणतील. पुढे त्यांची मुलं. हे सगळं मला मिळतं आहे, अट एवढीच की ते माझं आहे हे मी म्हणायचं नाही.

सांगितलं तर? बाई पुन्हा तोंड बघणार नाहीत. गाव हसेल. आणि कविता जाईल. म्हातारपणी एकदाच छापून आली, तीही जाईल.

दुपारी हिला विचारलं, "तू काय केलं असतंस?"

ती लसूण सोलत होती. "मी आधी गगन काढलं असतं."

"थट्टा नको."

तिने सोललेली पाकळी ताटलीत टाकली. म्हणाली, "चुकीच्या घरी पडलेलं एकेक पत्र तुम्ही पावसापाण्यात जाऊन परत आणलंत. एकदा तापात गेलात, आठवतं? मी केवढी भांडले होते. तेव्हा म्हणाला होतात, पत्र छान आहे म्हणून शेजाऱ्याला ठेवू द्यायचं का?"

मी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. पण वाक्य चांगलं आहे, म्हटलं असेन.

१५ मार्च

दिवस उजाडला तोच गुदगुल्या करत. बसमधून बेचाळीस पाहुणे उतरले. टोप्या, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. एका काट्याच्या घड्याळासमोर फोटो काढले. पुलाखालच्या बकऱ्यांचे तर इतके काढले की एक बकरी तोंड वळवून उभीच राहिली. मी घोगऱ्या आवाजात काहीबाही सांगत होतो. मेहुणा मागून नकाशाची गुंडाळी काखेत मारून चालत होता. मीच आण म्हटलं होतं.

हारांनी झाकलेल्या शिळेपाशी सगळी शाळा रांगेत. बाईंनी हात वर केला आणि दोनशे मुलांनी कविता म्हटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हातात वही घेतलेले एक गृहस्थ पुढे झाले. "अप्रतिम. ही कुठल्या शतकातली असावी?"

हा प्रश्न टाळता आला असता. 'अभ्यासकांत मतभेद आहेत' एवढं म्हटलं की सुटलो असतो. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"या," मी म्हणालो.

"या म्हणजे?"

"या शतकातली. गेल्या महिन्यातली. तेरा तारखेची. सकाळी साडेसात, दाढी करताना." मग एका दमात, "शिळेवरचे चारच शब्द खरे आहेत. बाकीचं मी कंसात लिहिलं होतं. कंस छापखान्यात पडले, आणि मी उचलले नाहीत. उचलायला हवे होते. पहिल्याच दिवशी. मुलं म्हणत होती ते मला फार गोड लागलं म्हणून गप्प बसलो. हा शिलालेखही नाही. खाणीच्या ट्रॉलीच्या फाटकाची पाटी आहे."

बाईंचा चेहरा आधी पांढरा, मग लाल.

"म्हणजे मी नववीला…" त्या म्हणाल्या, "दिसतं ते गगन आणि असतं ते आकाश…"

"ते तुम्ही फार छान शिकवलंत," मी म्हणालो. "मला वाटलं होतं ती चूक आहे."

दुसऱ्या रांगेतल्या एका पोरीने तेवढ्यात हात वर केला. "बाई, मी विचारलं होतं! आकाशाची शाल आकाशालाच कशी? तुम्ही मला बाहेर उभं केलं होतंत!"

पहिलं कोण हसलं ते कळलं नाही. पण ते हसू रांगेतून आगीसारखं गेलं, मुलांकडून पाहुण्यांकडे आणि पाहुण्यांकडून छापखानेवाल्याकडे. तो हसता हसता घाणेरीतच बसला. मेहुण्याने ती वेळ साधली. नकाशा उलगडून लाइन दाखवली, चरांतलं अंतर दाखवलं. पाहुणे रथाच्या चाकोऱ्यांकडे बघून जेवढे खूश झाले नव्हते तेवढे ट्रॉलीच्या खुणा बघून झाले. वहीवाले गृहस्थ म्हणाले, "लाइनवरून चालत जाता येईल का खाणीपर्यंत?" आणि मग काय सांगू! बेचाळीस पाहुणे आणि दोनशे मुलं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, त्या दोन चरांमधून एकामागोमाग निघाली. पुढे मेहुणा शिट्टी वाजवत. ज्याने आयुष्यात कधी शिट्टी वाजवली नाही तो! मधेच कुणीतरी 'थांबा पथिकांनो' सुरू केलं आणि सगळी लाइन तेच गात डोंगराला लागली.

बाई तेवढ्या मागे राहिल्या. छत्री उघडली आणि शाळेकडे चालू लागल्या.

१६ मार्च

भिंतीवर सकाळीच चुना फिरला. घाईत एकच हात मारलाय. 'पथिकांनो' आतून दिसतं.

दुपारी शाळेचा शिपाई पाकीट घेऊन आला. आत पत्रकातलं पान तीन, नीट कातरलेलं, आणि बाईंची चिठ्ठी. 'पत्रकं परत मागवली आहेत. कविता प्रार्थनेतून काढली आहे. मुलं ऐकत नाहीत, मधल्या सुट्टीत म्हणतात. त्यांना समज दिली आहे. हे आपलं आपल्याला.' आणि खाली, स्वच्छ वळणदार अक्षरात: 'साभार परत.'

चोविसावी.

हिने चिठ्ठी दोनदा वाचली. "रागावल्या आहेत. पण अक्षर बघा किती सावकाश काढलंय. पूर्ण रागावलेलं माणूस इतकं सावकाश लिहीत नाही."

वाईट वाटतं आहे. म्हणजे वाटायला हवं, म्हणून दिवसभर प्रयत्न केला. पण अंग इतकं हलकं झालंय की दुपारी जिना चढताना एक पायरी चुकून जास्तच चढलो.

१९ मार्च

आत्ता सकाळचे नऊ. लिहितो आहे, पण हात आवरत नाही.

दाढी करत होतो. फेस अर्ध्या गालावर. बाहेर हातगाडीचं चाक करकरलं आणि दारावर काठीचे दोन ठोके. हिने दार उघडलं आणि मला हाक मारली, "अहो, तुमच्याकडे कुणी दगड घेऊन आलंय."

मला वाटलं, मारायला. फेस तसाच ठेवून बाहेर आलो.

दारात एक म्हातारी. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी, वाकलेली, पण डोळे पहारेकऱ्यासारखे. मागे हातगाडी आणि ती ढकलून घामाघूम झालेली तिची सून. गाडीवर पोत्याखाली काहीतरी जड.

"कविता माझी, दगडाची नाही, असं म्हणणारे तुम्हीच का?" म्हातारीने विचारलं.

"मीच. पण मी कबूल केलंय…"

"ते कळलं. पणती शाळेत आहे माझी. घरी येऊन म्हणाली, एक आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले की माझं होतं ते मी दगडाच्या नावावर खपवलं. म्हटलं, असं मोठ्याने सांगणारा माणूस आहे, तर दगडाचं दगडाला पोचवायला हवं." तिने काठीने पोतं बाजूला सारलं. "माझे वडील फाटकवाले होते. लाइन बंद झाली तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी पाटी फोडली. वडिलांना जेवढी उचलवली तेवढी घरी आणली. पंच्याहत्तर वर्षं आम्ही हिच्यावर कपडे धुतो. अक्षरं खाली करून, झिजू नयेत म्हणून. मी लिहायला-वाचायला हिच्यावरच शिकले. म्हणून मला अर्धीच अक्षरं येतात."

शिळेचा उजवा भाग. तुटलेली कड मी ओळखली. दुसरी कड मी टूथब्रशने घासली होती. साबणाने गुळगुळीत झालेल्या दगडावर चार ओळींची चार शेपटं. मला अश्रूंमुळे दिसेना की फेसामुळे, कोण जाणे.

"वडिलांनी स्वतः लिहिलं होतं?" ही म्हणाली.

"मग? साहेब म्हणाला होता, नुसतं 'थांबा' लिही. वडील म्हणाले, नुसतं सांगितलं तर कोण थांबतंय? माणूस गाण्याला थांबतो." म्हातारीने काठी उंबऱ्यावर आपटली. "वाचता येतं ना तुम्हाला? तुमच्याकडची अर्धी म्हणा बघू. माझ्याकडची मी म्हणते."

"थांबा," मी म्हणालो.

"जरा गडे," ती म्हणाली.

"पाहा."

"दोन्हीकडे."

"ऐका."

"गाडा खडखडे!" मागून सूनही ओरडली, तिलाही पाठ होतं.

"मग…"

"चला पुढे!"

बावीस नाहीत, मात्रा कशाच्याही नाहीत. मोजायला बोटं वर केली आणि तशीच राहिली. मी पुन्हा "थांबा" म्हणालो, ती पुन्हा "जरा गडे" म्हणाली, मी पाहा, ती दोन्हीकडे, आणि तिसऱ्यांदा सुरू करणार तोच हिने माझ्या हातातला वस्तरा काढून घेतला.

"अहो," ही म्हणाली, "आधी त्यांना आत तर या म्हणा."